दर उन्हाळ्यात वीजबिलाचं ऑटोपे का अडकतं, आणि ते कसं सोडवायचं

सोलापुरात हा प्रकार साधारण एप्रिलच्या बिलापासून सुरू होतो. वर्षभर बिल आपोआप भरलं जातं, घरात कुणाला त्याची आठवणही राहत नाही, आणि मेच्या मध्यावर कुणाच्या तरी मोबाइलवर महावितरणचा थकबाकीचा मेसेज येऊन पडतो. मग बँकेला फोन. बँक म्हणते, आमच्याकडं मागणीच आली नाही. ॲपचं कस्टमर केअर म्हणतं, तुमच्या बँकेनं नाकारलं. महावितरणच्या खिडकीवरचा माणूस म्हणतो, मला इथं पैसे जमा दिसत नाहीत, बाकी मला काही ठाऊक नाही. तिघंही आपापल्या परीनं खरं बोलत असतात, त्यामुळं भांडायचं कुणाशी हेच कळत नाही. शेवटी आपण हातानं बिल भरून मोकळे होतो. पाऊस पडला की बिल उतरतं, ऑटोपे पुन्हा सुरळीत चालतं आणि पुढच्या उन्हाळ्यात परत तेच रडगाणं.

बहुतेक घरांत यामागं तांत्रिक बिघाड नसतो. ऑटोपे आपण घालून दिलेले नियम तंतोतंत पाळत असतं; ते नियमच सोलापूरच्या उन्हाळ्याला पुरत नाहीत. त्यामुळं ॲप काढून परत टाकणं, फोन बंद-चालू करणं, कार्ड बदलून घेणं या खटपटींचा उपयोग क्वचितच होतो.

आधी आजचं निभवा

बिल थकलंय असं कळलं की पहिलं काम बिल भरायचं, कारण नंतर शोधायचं. पण भरण्याआधी ॲपमध्ये ऑटोपेच्या पानावर जाऊन या महिन्याचा व्यवहार ‘अयशस्वी’ दाखवतोय की ‘प्रलंबित’, ते बघा. प्रलंबित असेल तर यंत्रणा अजून प्रयत्न करणार आहे. तुम्ही घाईनं हातानं भरलं आणि संध्याकाळी खात्यातूनही ऑटो कट झालं, तर एकाच बिलाचे दोनदा पैसे जातात. म्हणून आधी या महिन्यापुरतं ऑटोपे थांबवा, ‘पॉज’चं बटण बहुतेक ॲपमध्ये असतं, आणि मग भरा. काउंटरवर रोखीनं भरायचं असेल तर महावितरण ऑगस्ट २०२३ पासून घरगुती ग्राहकाकडून महिन्याला ५,००० रुपयांपर्यंतच रोख घेते, हे लक्षात ठेवून निघा. उन्हात हेलपाटा नको.

मुदत टळल्यावर १.२५ टक्के विलंब आकार लागतो. अडीच हजारांच्या बिलावर तो एकतीस-बत्तीस रुपये. रागवावं एवढी ही रक्कम नाही आणि घाबरावं असंही काही नाही, कारण वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी जोडणी तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री साडेनऊला तुमची लाइन तोडण्यात येईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा’ असा मेसेज एखाद्या खासगी मोबाइल नंबरवरून आला, तर तो लुबाडणाऱ्यांचा समजा. हे लोक उन्हाळ्यातच जास्त जाळं टाकतात आणि ज्याचं ऑटोपे नुकतंच फसलंय तो माणूस अलगद सापडतो, कारण मेसेजातलं अर्धं त्याला खरंच वाटतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

तुमचं ऑटोपे नेमकं कुठल्या जातीचं?

‘ऑटोपे लावलंय’ एवढ्यानं काहीच कळत नाही. एकाच घरात तीन-चार वेगवेगळे प्रकार चालू असतात आणि प्रत्येक जण अडतो वेगळ्या ठिकाणी.

पहिला प्रकार नॅचचा, ज्याला आपल्याकडं अजून सगळे ईसीएसच म्हणतात. कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी बहुधा याच रस्त्यानं जाते. समोरची कंपनी तुमच्या बँकेकडं मागणी पाठवते आणि बँक पैसे देते. दुसरा यूपीआय ऑटोपे. तो जुलै २०२० मध्ये आला आणि आता मोबाइल रिचार्जपासून वीजबिलापर्यंत सगळीकडं दिसतो. तिसरा डेबिट किंवा क्रेडिट कार्डावरचा. चौथा बँकेच्या स्वतःच्या नेटबँकिंगमधला बिलपे. तिथं बँक भारत कनेक्टमधून (आधीचं नाव भारत बिलपे) तुमचं बिल ओढून आणते आणि ठरलेल्या दिवशी भरते.

कुठला आहे हे आठवत नसेल तर शेवटचं यशस्वी पेमेंट झालेल्या महिन्याचं स्टेटमेंट काढा. त्या नोंदीत एसीएच दिसलं तर नॅच, यूपीआय दिसलं तर यूपीआय, बिलपे किंवा बीबीपीएस दिसलं तर चौथा प्रकार. पासबुक छापून घेतलेलं असेल तरी चालतं, फक्त अक्षरं अर्धवट तुटलेली असतात तेवढी जुळवून वाचावी लागतात.

मग शोध सुरू करायचा. नळाला पाणी आलं नाही तर आपण लगेच नळ बदलायला घेत नाही. शेजारी विचारतो, तुमच्याकडं आलं का, मग कॉक बघतो, मग टाकी बघतो. इथंही तसंच पाण्याच्या उगमाकडून खाली यायचं. महावितरणनं बिल काढलं का? काढलं असेल तर तुमच्या ॲपमध्ये ते दिसतंय का? दिसत असेल तर पैसे कापण्याआधीची सूचना आली होती का? रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्ड आणि यूपीआयवरच्या अशा वसुलीआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवावं लागतं, त्यामुळं ती सूचना आली की नाही हा फार कामाचा पुरावा आहे. सूचना आली आणि पैसे गेले नाहीत, तर दोष तुमच्या खात्याच्या बाजूला. सूचनाच आली नाही, तर गोष्ट बँकेपर्यंत पोचलेलीच नाही. बँकेच्या शाखेत जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. आणि पैसे गेले पण महावितरणकडं जमा नाहीत, तर ती तिसरीच भानगड, तिच्याकडं शेवटी येतो.

मर्यादेचा आकडा

सूचनाच आली नाही, अशा घरांत नव्वद टक्के वेळा गोष्ट कमाल मर्यादेपाशी येऊन थांबते असा माझा अनुभव आहे; नव्वद हा आकडा अंदाजाचा, पण अंदाज चुकलेला फारसा आठवत नाही.

जुळे सोलापुरातल्या आमच्या शेजारच्या काकूंचं उदाहरण अगदी नमुनेदार. त्यांनी फोन पुढं केला. ऑटोपेच्या पानावर हिरव्या रंगात ‘सक्रिय’ लिहिलेलं, खाली ‘कमाल रक्कम ₹२,०००’. बिल तीन हजारांच्या आसपास.

“काकू, ही दोन हजारांची मर्यादा कुणी टाकली?”

“मी कशाला टाकू? मी नुसतं पुढं पुढं दाबत गेले आणि पिन टाकला.”

तेच झालं होतं. डिसेंबरात ऑटोपे लावलं तेव्हा बिल आठशेच्या आत होतं, ॲपनं स्वतःच दोन हजारांचा आकडा भरून दाखवला, आणि आठशेच्या बिलाला दोन हजार म्हणजे भरपूर वाटलं. तो आकडा ओलांडणारं बिल आलं की यंत्रणा प्रयत्नच करत नाही. काही ॲप तसं कळवतात, काही गप्प बसतात.

आता हिवाळ्यातल्या बिलाच्या अडीचपट मर्यादा का पुरत नाही, ते बघा. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्यानं चढतात: पहिले १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढं. वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा आकार) धरून १०१ ते ३०० या टप्प्यातल्या युनिटची किंमत पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट पडते. समजा थंडीत तुमचे महिन्याला ९० युनिट होतात. मेमध्ये पारा ४३-४४ वर गेला, रात्री सहा तास एसी चालला आणि तासाला सरासरी एक युनिट धरला, तर महिन्याला १८० युनिट वाढले. एकूण २७०. युनिट तिप्पट झाले, पण वाढलेले बहुतेक युनिट महागाच्या टप्प्यात गेल्यामुळं रक्कम चौपटीच्या जवळ जाते. स्थिर आकार तोच राहिला म्हणून तेवढ्यावर थांबतं, नाहीतर चौपटीच्याही वर गेलं असतं. नुसता कूलर असेल तर उडी लहान असते, पण शंभरची वेस ओलांडली की तीही जाणवते. त्यात काही दिवसांआड पाणी येतं तेव्हा मोटर तासन् तास चालते, ते वेगळंच.

म्हणून मर्यादा ठरवताना चालू बिल बघायचंच नाही. मागच्या मेचं बिल काढायचं. सापडत नसेल तर महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो, त्यातला सगळ्यात उंच महिना धरायचा. त्या रकमेवर तिसरा हिस्सा आणखी चढवायचा आणि तो आकडा टाकायचा. तीन हजारांचं कमाल बिल असेल तर चार हजार.

काही जण म्हणतात, सरळ पंधरा हजार टाकून मोकळं व्हायचं. मला ते पटत नाही. मीटर रीडिंगमध्ये एक आकडा इकडचा तिकडं झाला की बारा हजारांचं बिल येऊ शकतं, आणि मग ते मुकाट्यानं कापलं जाईल. पैसे आपल्या खिशात असताना वाद घालणं आणि गेल्यावर घालणं यात फरक आहे. मर्यादा ही त्यासाठीची कडी आहे, ती काढून टाकू नये, फक्त योग्य उंचीवर बसवावी. आणि १५,००० च्या वरच्या साध्या बिलांना तसंही दर वेळी ओटीपी किंवा पिन लागतोच. घराला लागून माग असतील, टॉवेल-चादरीचा छोटा कारखाना असेल, त्यांची औद्योगिक जोडणी या मर्यादेत बसत नाही. ते बिल ऑटोपेवर टाकून निर्धास्त राहायचा विचारच सोडा.

आकडा बदलायची सोय काही ॲपमध्ये थेट असते, काहींमध्ये जुनं मॅन्डेट (पैसे आपोआप कापायला आपण दिलेली परवानगी) रद्द करून नवं करावं लागतं. रद्द करूनच करायचं असेल तर चालू बिल भरून झाल्यावर करा.

ऑटोपे चालू असूनही नोटीस

हा प्रकार मर्यादेहून जास्त डोकं खातो, कारण यात सगळं व्यवस्थित दिसत असतं. दर महिन्याचं बिल गेलेलं, पावत्या आहेत, तरी महावितरण पैसे मागतंय.

उन्हाळ्यात असं झालं तर आधी ते बिल नीट उघडून बघा. आर्थिक वर्ष संपलं की महावितरण अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं बिल काढतं. वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या नियमावलीप्रमाणं महिन्याला बिल येणाऱ्या ग्राहकाची ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट असायला हवी. गेल्या वर्षी तुम्ही एसी घेतला, सरासरी वाढली, की ठेवीतला फरक मागितला जातो. हे बिल मासिक बिलापासून वेगळं असतं आणि तुमच्या ऑटोपेला त्याचा पत्ताच नसतो. ते स्वतंत्रपणे भरावं लागतं. हप्त्यानं भरायची सवलतही मिळते. ठेवीवर वर्षाला व्याज मिळतं आणि ते बिलात वळतं होतं, त्यामुळं पैसे बुडाले असं समजायचं कारण नाही. वर्तमानपत्रात दर वर्षी यावर बातमी येते आणि दर वर्षी लोक चकित होतात.

दुसरी गोम रीडिंगची. बिलावर चालू रीडिंगच्या जागी ‘लॉक्ड’, ‘फॉल्टी’, ‘आरएनए’ असं काहीतरी छापलेलं असलं, तर त्या महिन्यात मीटर वाचला गेलेला नाही आणि बिल सरासरीवर काढलंय. मार्च-एप्रिलमध्ये घराला कुलूप लावून गावाला गेलेल्यांच्या वाट्याला हे हमखास येतं. सरासरी बिल छोटं असतं, ऑटोपे ते गुपचूप भरून टाकतं. पुढच्या महिन्यात खरं रीडिंग मिळालं की दोन महिन्यांचा वापर एकाच बिलात येतो आणि मर्यादा ओलांडतो. त्यातून मे आणि एप्रिल हेच दोन महिने असले तर बघायलाच नको. अशा वेळी टप्प्यांचा फायदा दोन महिन्यांत विभागून मिळालाय का, आधी भरलेली रक्कम वजा झालीय का, एवढं तपासा. मर्यादा वाढवू नका. ते एक बिल हातानं भरा. महावितरणच्या ॲपवरून मीटरचा फोटो काढून रीडिंग स्वतः पाठवायची सोय आहे, गावाला जाण्याआधी ती वापरली तर हा घोळ टळू शकतो.

आणि ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो, त्याच्या जोडीला चार आकडी बीयू म्हणजे बिलिंग युनिट लागतं. उपविभागांची फेररचना झाली की बीयू बदलू शकतो. ग्राहक क्रमांक तोच, पण ॲपमध्ये बिलच दिसेनासं झालं, तर ताज्या बिलावरचा बीयू ॲपमधल्याशी ताडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

तारीख, शिल्लक आणि पगार

सूचना आली, तरी पैसे गेले नाहीत, तर बहुतेक वेळा खात्यात त्या क्षणी पैसे नव्हते. ‘त्या क्षणी’ हे महत्त्वाचं. दुपारी शिल्लक बघून माणूस म्हणतो, आहेत की पाच हजार! पण मागणी पहाटे येऊन गेलेली असते आणि पेन्शन जमा झालेली असते दुपारी बाराला.

१ ऑगस्ट २०२५ पासून यूपीआय ऑटोपेची वसुली गर्दीच्या वेळा सोडून करायचा नियम आहे. म्हणजे सकाळी १० च्या आत, दुपारी १ ते ५, किंवा रात्री साडेनऊनंतर. एक प्रयत्न आणि फार तर तीन फेरप्रयत्न, तेवढ्यात झालं नाही तर त्या महिन्याचा विषय संपला. नॅचची गोष्ट आणखी कडक. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच आठवड्याचे सातही दिवस चालतं, रविवार आणि सणाची सुट्टी धरून. ‘रविवार आहे, सोमवारी कापतील, तोवर टाकतो पैसे’ हा जुना हिशोब तेव्हाच मोडला, पण लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही.

वीजबिलाचं ऑटोपे हुकलं तर विलंब आकारावर भागतं. हप्त्याचं नॅच परत गेलं तर बँक दंड लावते, त्यावर १८ टक्के जीएसटी, समोरची फायनान्स कंपनी तिचा दंड वेगळा लावते. शिवाय पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७ च्या कलम २५ नुसार शिल्लक नसल्यानं असा आदेश परत जाणं चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतं. त्यामुळं एकाच खात्यातून दोन्ही जात असतील तर पैसे कमी पडताना आधी हप्ता वाचवा, वीजबिल हातानं भरता येतं.

ज्यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो त्यांना तारीख जुळवणं सोपं. आपल्याकडं यंत्रमागावर, विडी कारखान्यात आठवड्याच्या पगारावर चालणारी घरं खूप आहेत. खात्यात कधीच एकदम मोठी रक्कम नसते आणि बिलाची तारीख आपल्या हातात नसते. अशा घरांसाठी मला एकच उपाय चालताना दिसलाय: बिलासाठी वेगळं खातं. त्यात एका मोठ्या बिलाएवढे पैसे पडून ठेवायचे आणि दर आठवड्याला थोडे टाकत राहायचं. त्या खात्याचं एटीएम कार्ड घरात लपवून ठेवा, विशेषतः जानेवारीत गड्ड्याची यात्रा लागते तेव्हा.

हे खातं कुठं काढायचं, याचाही विचार करा. पतसंस्थेतल्या खात्यावर यूपीआय किंवा नॅच थेट लागत नाही. काही नागरी सहकारी बँकांत यूपीआय आहे पण मॅन्डेटची सोय नाही. ऑटोपे लावण्याआधी शाखेत विचारून घ्या. आणि बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तर त्या खात्यावरची वसुलीही थांबते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा ठेवींचीच एवढी चर्चा झाली की खात्याला जोडलेल्या बाकीच्या गोष्टी कुणाच्या लक्षात राहणार?

किरकोळ कारणं, भराभर

डेबिट कार्डाची मुदत संपली किंवा कार्ड बदललं की कार्डावरचं मॅन्डेट बहुधा नव्यानं करावं लागतं. केवायसी अद्ययावत नसली की बँक खात्यातून पैसे काढणं रोखू शकते. जमा होत राहतं, म्हणून लक्षात येत नाही. सिम बदललं, फोन बदलला की यूपीआय नव्यानं नोंदवावं लागतं. बँकांचं विलीनीकरण झालं की आयएफएससी बदलतो. आपल्या भागात ज्यांची खाती विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होती, ती १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आली. अशा वेळी जुनी मॅन्डेट आपोआप पुढं चालतील असं गृहीत धरू नका, पहिल्या महिन्यात डोळा ठेवा. आणि मॅन्डेटला शेवटची तारीख असते. ती उलटून गेलेली असते आणि आपण सर्व्हरला शिव्या देत बसतो.

मुलगा पुण्यात, आई-वडील सोलापुरात

हा स्वतंत्र आजार आहे. मुलगा हिंजवडीत बसून घरचं बिल स्वतःच्या खात्याला जोडतो, आणि इकडं वडील सकाळी फिरून येता येता तेच बिल भरून येतात.

“अण्णा, मी ऑटोपे लावलंय म्हणून सांगितलं होतं ना!”

“सांगितलं होतंस. पण पावती कुठाय? माझ्या मोबाइलवर तर भरा म्हणूनच मेसेज आला.”

अण्णांचं चुकत नाही. बिलाचा मेसेज त्यांच्या नंबरवर येतो, पैसे गेल्याचा मेसेज मुलाच्या नंबरवर. दोनदा भरलेली रक्कम बुडत नाही, पुढच्या बिलात वळती होते आणि कधीकधी ते बिल उणे येतं. उणे बिलावर ऑटोपे काहीच करत नाही, मग मुलाला ‘व्यवहार झाला नाही’ असा मेसेज जातो, तो घाबरून ऑटोपे नव्यानं लावतो, आणि आता दोन ऑटोपे झाली. यावर उपाय एकच, महावितरणकडं नोंदवलेला मोबाइल नंबर पैसे भरणाऱ्याचा करायचा आणि पावती घरच्या ग्रुपवर टाकायची. अण्णांना पावती दिसली की ते काउंटरवर जात नाहीत.

सगळंच ऑटोपेवर टाकायचा सोसही नको. महापालिकेचा मिळकत कर आणि पाणीपट्टी वर्षातून थोड्या वेळा येते, त्यात चूक, दुरुस्ती, लवकर भरल्याची सवलत असं बरंच काही असतं. ते बघूनच भरावं. सोसायटीचा मेंटेनन्स, इंटरनेट, मोबाइल या ठरलेल्या रकमांना ऑटोपे उत्तम. भाड्याचं घर सोडताना मात्र आधी वीजबिलाचं मॅन्डेट बंद करा. ग्राहक क्रमांक घराचा असतो. तुम्ही विजापूर रोडवरून होटगी रोडला राहायला गेलात तरी जुन्या घरात नव्यानं आलेल्या भाडेकरूच्या एसीचं बिल तुमच्या खात्यातून जात राहील.

पैसे गेले, पण जमा नाहीत

आता ती तिसरी भानगड. खात्यातून रक्कम गेली आणि पुढच्या बिलात थकबाकी दिसतेय. आधी तारखा बघा. नवं बिल तयार झाल्यावर पैसे पोचले असतील तर थकबाकी नुसती कागदावर आहे. महावितरणच्या ॲपमध्ये ग्राहक क्रमांक टाकून भरण्याचा तपशील बघितला की खात्री होते. तिथंही नसेल तर पावतीवरचा भारत कनेक्टचा व्यवहार क्रमांक घेऊन ज्या ॲपमधून किंवा बँकेतून पैसे गेले तिथंच तक्रार टाका, महावितरणकडं नाही. त्यांच्या हातात अजून काही आलेलंच नसतं.

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक इथं उपयोगी पडतं. यूपीआयनं व्यापाऱ्याला दिलेले पैसे खात्यातून गेले आणि पोचले नाहीत, तर व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढं दर दिवसाला १०० रुपये भरपाई. मॅन्डेट रद्द केल्याचं बँकेला कळवूनही नॅचनं पैसे कापले, तर जबाबदारी तुमच्या बँकेची, आणि तिथंही उशिराला तोच दर. ही भरपाई न मागता मिळायला हवी. पण मागणाऱ्याला ती लवकर मिळते. अर्जात परिपत्रकाची तारीख लिहिली की शाखेतल्या माणसाचा सूर बदलतो.

तक्रार तोंडी करू नका, क्रमांक घ्या. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं सीएमएस पोर्टलवर फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी फोन १४४४८. सोबत तीन कागद लागतात: त्या महिन्याचं बिल, खात्याचं स्टेटमेंट आणि ऑटोपेच्या पानाचा स्क्रीनशॉट, ज्यात कमाल रक्कम आणि शेवटची तारीख दोन्ही दिसतील. तो स्क्रीनशॉट मॅन्डेट रद्द करण्याआधीच काढून ठेवा. रद्द झाल्यावर काही ॲपमध्ये ते पान दिसत नाही.